स्वतःची ग्रंथफळी

यवतमाळहून धामणगावकडे निघालेली एस.टी. ज्या बाभुळगावात थांबते, त्या आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आहे, शाळा आहेत, आठवडी बाजार आहे, जवळच बेंबळा प्रकल्पाचे पाणी आहे आणि हंगामात कापसाने भरलेल्या गाड्यांची रीघ आहे. परंतु वाङ्मयाची गोडी नुकतीच लागलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने अथवा मुलीने दुकानातील मांडणीसमोर निवांत उभे राहावे, दहा ग्रंथ चाळावेत, नऊ परत ठेवावेत आणि दहावा छातीशी धरून घरी न्यावा, ही सोय येथे नाही. येथील दुकानांतून मिळतात ती प्रामुख्याने शाळेची पुस्तके, वह्या आणि परीक्षांची मार्गदर्शके. अशा गावी राहून मराठीतील आणि मराठीत आलेल्या अभिजात ग्रंथांचा स्वतःचा संग्रह उभा करावयाचा असेल तर सुरुवात कोठून करावी, असे ज्या मुलामुलींनी मला वेळोवेळी विचारले, त्यांना तुकड्या-तुकड्यांनी दिलेली उत्तरे आज एकत्र मांडण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे. ग्रंथ आधी विकत घ्यावा आणि मग वाचावा, हा प्रघात तरुण वाचकाने आरंभीच मोडावा. ग्रंथ आधी मिळेल तेथून आणून वाचावा, तो परत करावा, आणि परत केल्यावर महिना-दोन महिन्यांनी त्यातील एखादा प्रसंग, एखादे माणूस, एखादा युक्तिवाद मनात पुन्हा उठून त्या ग्रंथाकडे ओढू लागला, तर आणि तरच तो विकत घ्यावा. अभिजात या शब्दाच्या पंडितांनी अनेक व्याख्या केल्या आहेत; आपल्या कामापुरती व्याख्या एवढीच पुरे, की जो ग्रंथ दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यापेक्षा अधिक देतो तो अभिजात. पहिल्या वाचनासाठी वाचनालय आहे, मित्र आहेत, गुरुजनांची कपाटे आहेत. घरची फळी ही दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या वाचनासाठी आहे. मी स्वतः तरुणपणी एका फिरत्या विक्रेत्याकडून हप्तेबंदीने एक भारदस्त संच घेतला होता. त्याचे हप्ते फिटण्यास दीड वर्ष लागले आणि त्यातील बहुतेक खंडांची पाने आजही एकमेकांस चिकटलेली आहेत. ते पैसे गेल्याचे दुःख आता उरले नाही, परंतु त्या दीड वर्षात ज्या चार पुस्तकांची मला खरी भूक होती ती घेता आली नाहीत, याचे दुःख अद्याप आहे.

आता पहिला ग्रंथ. तो बहुधा विकत घ्यावा लागणार नाही, कारण तो तुमच्या घरात आहे. आपल्या वऱ्हाडातील घरांच्या देवळीत किंवा देव्हाऱ्याशेजारी लाल कापडात गुंडाळलेले काही ना काही असतेच: कोठे हरिपाठ, कोठे दासगणूंची गजानन विजय पोथी, कोठे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. या ग्रंथांकडे तरुण मंडळी केवळ नित्यपाठाची वस्तू म्हणून पाहतात आणि वाङ्मय म्हणून पाहावयाचे राहूनच जाते. ग्रामगीतेचेच घ्या. येथून फार दूर नसलेल्या मोझरीच्या गुरुकुंजात ज्या पुरुषाने आपले कार्य उभे केले, त्याने खेड्यातील रस्ता, आरोग्य, शिक्षण, शेती, श्रम आणि संघटना हे विषय ओवीसारख्या जुन्या छंदात एकेचाळीस अध्यायांतून मांडले. ज्या छंदात ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ उलगडला, त्याच छंदात विसाव्या शतकाच्या मध्याला कोणी ग्रामसफाईविषयी लिहितो, ही परंपरेची केवढी अखंडता आहे, याचा विचार करून तो ग्रंथ उघडा; आजीने बोट ठेवून वाचलेल्या त्याच ओळी तुम्हाला निराळ्या दिसू लागतील. संग्रहाचा पहिला क्रमांक त्या ग्रंथाला द्यावा. वडीलधाऱ्यांची परवानगी मात्र घ्यावी, आणि ग्रंथ त्याच्या जागीच राहू द्यावा. क्रमांक द्यावयास तो हलवण्याची गरज नाही.

दुसरा झरा तुमच्या दप्तरातच आहे. शाळेच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक पाठाच्या आरंभी लेखकाचा परिचय असतो आणि पाठ ज्या ग्रंथातून घेतला त्याचे नावही पुष्कळदा दिलेले असते. परीक्षेच्या घाईत ते चौकटीतले चार शब्द कोणी वाचत नाही. पाचवीपासून दहावीपर्यंतची पुस्तके, स्वतःची नसतील तर थोरल्या भावंडांची वा शेजाऱ्यांची, एका दुपारी पुढ्यात घ्यावीत आणि जो जो पाठ आवडल्याचे अजून आठवते त्याच्या मूळ ग्रंथाचे नाव वहीत उतरवावे. अशी पंधरा-वीस नावांची फेरिस्त सहज तयार होते, आणि कोण्या विद्वानाने केलेल्या शंभर उत्तम ग्रंथांच्या यादीपेक्षा ती तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण तिच्यातील प्रत्येक ग्रंथाची चव तुम्ही स्वतः घेतलेली आहे.

ही फेरिस्त घेऊन वाचनालयात जावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्यानुसार गावोगावच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना त्यांच्या वर्गाप्रमाणे शासनाचे अनुदान मिळते. म्हणजे त्या कपाटांतील ग्रंथांवर तुमचा हक्क आहे, तो संकोचाने मागण्याची बाब नाही. अनामत रक्कम भरून रीतसर सभासद व्हा. ग्रंथपालांशी ओळख वाढवा. वाचनालयात नसलेल्या ग्रंथाचे नाव सूचनावहीत लिहून ठेवले तर पुढील खरेदीच्या वेळी त्याचा विचार होऊ शकतो, हे फारच थोड्या तरुण सभासदांना ठाऊक असते. येथे न मिळालेले यवतमाळच्या मोठ्या वाचनालयात शोधावे. महाविद्यालयात जाणारी बहीण-भावंडे तेथे रोज येत-जात असतात, त्यांच्यामार्फत तजवीज करता येते.

काय वाचावे, या प्रश्नाला मी सहसा क्रमवारीने उत्तर देत नाही. परंतु भाषेचा जिना चढताना पहिली पायरी कोणती असावी याविषयी माझे मत निश्चित आहे. ती पायरी म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची लेखिका शाळेत गेलेली नव्हती. लग्नानंतर, संसाराच्या ओढाताणीत तिने अक्षरओळख करून घेतली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या विलक्षण, उदार आणि अनेकदा असह्य वाटावा अशा पतीसोबत काढलेले आयुष्य तिने कोणावरही डूख न धरता सांगितले. तरुण वाचकाला हा ग्रंथ तीन कारणांसाठी आधी द्यावा. त्याची भाषा बोलती आहे, त्यामुळे शब्दकोश उघडावा लागत नाही. त्यात दुःख पुष्कळ असूनही रडगाणे नाही, त्यामुळे वाचक खचत नाही. आणि चांगले गद्य म्हणजे जड शब्दांची रास, हा शाळेतील निबंधांनी करून दिलेला गैरसमज तो एका बैठकीत दूर करतो. मी स्वतः तो किती वेळा वाचला याची मोजदाद ठेवलेली नाही, पण लक्ष्मीबाईंच्या धर्मविषयक मनःसंघर्षाची पाने प्रत्येक वेळी मला थांबवतात.

त्याच्या शेजारी विष्णुभट गोडसे यांचा माझा प्रवास ठेवावा. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा हा दरिद्री भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीतच होता. त्याने पुढे लिहून ठेवलेला वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, मात्र त्यात त्यांनी आपल्या समजुतीने फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. हा तपशील मी मुद्दाम देतो, कारण अभिजात ग्रंथ घेताना केवळ नाव पाहून भागत नाही. एकाच नावाखाली मूळ पाठ असतो, सुधारलेला पाठ असतो, आणि मुलांसाठी म्हणून निम्मा कापलेला पाठही असतो. मलपृष्ठ पाहण्यापूर्वी आतले शीर्षकपृष्ठ पाहावे. संपादक कोण, आवृत्ती कोणती, संपूर्ण की संक्षिप्त, हे तेथे नमूद असते. संक्षिप्त आवृत्ती वाचण्यास हरकत नाही, परंतु फळीवर जागा द्यावयाची ती संपूर्ण आवृत्तीलाच.

कादंबऱ्यांपैकी हरिभाऊ आपट्यांची पण लक्षांत कोण घेतो ही कादंबरी अवश्य मिळवावी. करमणूक पत्रातून ती क्रमशः येऊ लागली तो काळ १८९० नंतरचा; यमू नावाच्या मुलीने स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगावी, ही कल्पनाच त्या काळी किती धाडसाची होती हे आज लक्षात येण्यास थोडा वेळ लागतो. गती मंद आहे, शंभर पानांपर्यंत धीर धरावा लागतो. पुढे ग्रंथच तुम्हाला सोडत नाही.

आणि आता आपल्या मुलखाविषयी. अभिजात वाङ्मय म्हणजे पुण्या-मुंबईच्या भाषेत लिहिलेले काहीतरी, असा न्यूनगंड आमच्या भागातील मुलांच्या मनात खोल रुजलेला मला आढळतो, आणि तो उपटून काढणे हे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य मी मानतो. उद्धव शेळके यांची धग ही १९६० सालची कादंबरी वाचा. दारिद्र्याशी झुंजणारी त्यातील कौतिक ज्या बोलीत बोलते ती तुमच्या माजघरातील बोली आहे; ज्या शब्दांसाठी शाळेत तुमच्या वहीवर तांबडी रेघ ओढली गेली असेल, त्याच शब्दांनी तेथे एका बाईचे अवघे आयुष्य पेलून धरले आहे. मराठी कादंबरीच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे. असा एक ग्रंथ वाचल्यावर मुलाची पाठ ताठ होते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

याहून मोठी गोष्ट अशी, की मराठी गद्याचा आरंभच मुळी आपल्या शेजारी झाला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले. त्याच परंपरेतील केसोबासांनी चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त दृष्टान्तपाठात एकत्र केले. तरुणांनी या दोहोंपैकी आधी दृष्टान्तपाठ घ्यावा; प्रत्येक दृष्टान्त काही ओळींचा, त्यात एक छोटी गोष्ट आणि मग तिचे तात्पर्य, अशी त्याची रचना असल्याने सातशे वर्षांपूर्वीची मराठी वाचण्याची सवय त्यावर सहज होते. सुरुवातीला अर्थासह दिलेली आवृत्ती घ्यावी आणि एक दृष्टान्त मोठ्याने वाचावा. डोळ्याला अपरिचित वाटलेला शब्द कानाला पुष्कळदा ओळखीचा वाटतो, विशेषतः वऱ्हाडी कानाला. मग लीळाचरित्राकडे वळावे. त्याचे संपादन शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते या दोन विद्वानांनी स्वतंत्रपणे केले आहे. चक्रधरांच्या लीळा अनेकदा पाच-सात ओळींच्या. पण त्यात गावे आहेत, वाटा आहेत, भूक आहे, राग आहे, आणि बोलणारी जिवंत माणसे आहेत.

ज्ञानेश्वरीविषयी एवढेच, की ती पहिल्या पानापासून वाचण्याचा संकल्प करून पहिल्याच अध्यायात थकलेले तरुण मी अनेक पाहिले. सुमारे अडीचशे ओव्यांच्या बाराव्या अध्यायापासून प्रारंभ करावा. सोनोपंत दांडेकरांची सार्थ आवृत्ती नवख्यास सोयीची. ओवी आणि तिचा अर्थ एकाच दृष्टिक्षेपात येतो. तुकोबांच्या गाथेची १९५० साली शासनाने काढलेली आवृत्ती साडेचार हजारांहून अधिक अभंगांची आहे. हा ग्रंथ माझ्या नियमाला अपवाद: तो न वाचताच घ्यावा, कारण तो वाचून संपवण्याचा नाही, रोज एक अभंग या मानाने आयुष्यभर उघडण्याचा आहे. दुसरा अपवाद शब्दकोशाचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि जुन्या ग्रंथांतील अडलेला शब्द आजही तेथे बहुधा सापडतो. तो आता महाजालावर विनामूल्य पाहता येतो. पण एखादा छोटा मराठी कोश तरी कागदाचा आणि हाताशी असावा.

आता खरेदीचा विचार करू. आपल्या जिल्ह्यातील वाचकाला जी ग्रंथजत्रा सर्वांत मोठी आणि सर्वांत जवळची, तिचे नाव पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दरवर्षी विजयादशमीच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे जमतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ येणारा हा समुदाय परतताना प्रसाद म्हणून पुस्तके नेतो. मैदानाभोवती पुस्तकांची दुकाने रांगेने लागतात आणि बाभुळगाव, कळंब, राळेगावकडील शेतमजुरांच्या कापडी पिशव्यांतून बुद्धाची, फुल्यांची, आंबेडकरांची पुस्तके घरोघर येतात. ज्या घरात अन्य कोणतेही सामान जेमतेम आहे, त्या घरातील एका फळीवर मी शासनाने १९७९ पासून काढलेले आणि वसंत मून यांनी संपादिलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड ओळीने लावलेले पाहिले आहेत. ग्रंथसंग्रह हे सुखवस्तूंचे व्यसन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा ती दसऱ्याची दीक्षाभूमी पाहावी.

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरणही तरुणांनी जवळ ठेवण्यासारखे आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ मुलाने मागितलेल्या पुस्तकासाठी लग्न झालेल्या मुलींकडून दागिना मागून आणत, तो गहाण टाकत, आणि पेन्शन हाती आल्यावर सोडवून परत करत. विद्यार्थीदशेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. त्या एका पुस्तकाने मनात कसे घर केले हे बाबासाहेबांनी पुढे आवर्जून सांगितले. मग दादरला राजगृह बांधले गेले ते ग्रंथांना जागा मिळावी या हेतूने. केळुसकरांच्या त्या भेटीपासून राजगृहापर्यंतचा प्रवास लक्षात घेतला, म्हणजे फळीवर आज दोनच पुस्तके आहेत याचा विषाद वाटणार नाही.

दीक्षाभूमीखेरीज नागपुरात दुसरे जाण्याजोगे ठिकाण म्हणजे शासकीय मुद्रणालयाचे ग्रंथागार. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. मंडळाने काढलेले ग्रंथ, त्यांत महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मयही आले, बाजारभावाच्या मानाने फारच अल्प किमतीत तेथे मिळू शकतात. मंडळाची अनेक पुस्तके त्याच्या संकेतस्थळावरून फुकटही उतरवून घेता येतात. पहिले वाचन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर करण्यास माझा विरोध नाही. वाचनालयाचे जे काम, तेच तो पडदा करतो. दुसऱ्या वाचनासाठी मात्र कागद. जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो तेव्हाही जावे. आणि सीताबर्डीवर जुनी पुस्तके विकणारे बसतात, त्यांच्या ढिगात तासभर हात घालण्याची ज्याची तयारी आहे त्याला कधीकधी उत्तम बांधणीची प्रत अल्प मोलात सापडते. जुनी प्रत घेताना पाने मोजून पाहावीत, मधला एखादा फॉर्मा गळालेला नाही ना हे पाहावे, आणि कसरीची भोके ताजी वाटल्यास ती प्रत तेथेच सोडावी; ती आपल्यासोबत किडाही घरी आणते.

एका कायद्याची माहिती येथे उपयोगी पडेल. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या ग्रंथावर वारसांचा स्वामित्वहक्क राहतो, आणि ही मुदत निधनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून २०११ पासून श्यामची आई कोणालाही छापण्याची मोकळीक झाली आणि अनेकांनी ती छापली. हरिभाऊ, केशवसुत, गडकरी, लक्ष्मीबाई हे सर्व त्याआधीच मुक्त झाले होते. याचा लाभ असा, की आपल्याला ज्या ग्रंथांची सर्वांत अधिक आवश्यकता आहे ते स्वस्त मिळतात. धोका असा, की कोणीही घाईने अक्षरजुळणी करून, मुद्रितशोधन न करता, पातळ कागदावर तेच पुस्तक बाजारात आणू शकतो. अशा प्रतीचे कोठलेही एक पान उघडून दहा ओळी वाचा. दोन चुका आढळल्या तर चाळीस रुपये अधिक देऊन दुसऱ्या प्रकाशकाची प्रत घ्या. तुमची भाषा त्या ग्रंथावर घडणार आहे.

जगातील अभिजात वाङ्मय मराठीतून वाचण्यात कमीपणा मानू नये. आगरकरांनी शेक्सपिअरचे हॅम्लेट विकारविलसित या नावाने १८८३ मध्ये आणले, साने गुरुजींनी व्हिक्टर ह्यूगोची महान कादंबरी दुःखी या नावाने सांगितली, दुर्गाबाई भागवतांनी थोरोचे वॉल्डन मराठीत आणले. १९०६ साली लंडनच्या डेंट या प्रकाशकाने एव्हरीमन्स लायब्ररी नावाची माला सुरू करून एका शिलिंगला एक अभिजात ग्रंथ देऊ केला आणि तेथील कारागिरांच्या घरी त्यामुळे ग्रंथफळ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे ते काम नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य अकादमी करीत आल्या आहेत. त्यांच्या मराठी सूची मागवून ठेवाव्यात, म्हणजे बंगाली, कन्नड, मल्याळम कादंबऱ्यांचीही वाट सापडेल.

पैशाची गोष्ट टाळून चालणार नाही. आपल्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही होते आणि मग घरात पैसा दिसू लागतो. वर्षभराची खरेदी त्या दोन-तीन महिन्यांत उरकते. त्याच वेळी घरच्यांकडे एका ग्रंथाची मागणी नोंदवावी, एकाचीच. वाढदिवस, परीक्षेतील यश, मामाची भेट, अशा निमित्तांनी कोणी काय हवे विचारले तर नाव तयार असावे. सुट्टीत वेचणीला जाणाऱ्या मुली आपल्या कमाईतून एखादे पुस्तक बाजूला काढतात, हे मी जाणतो, आणि त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. वर्षाला पाच ग्रंथ, निवडून, दोनदा वाचून. या वेगाने पंचविशीपर्यंत पन्नास होतात. याहून अधिक वेगाची गरज नाही.

फळी कशी असावी? सागवानाची मिळाली तर उत्तम, नाही तर आंब्याची चालेल. पण ती भिंतीत ठोकू नये, आणि भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपल्या घरांच्या भिंती ओल धरतात आणि ओलीच्या मागोमाग उधई येते. माझी दोन डझन पुस्तके एका पावसाळ्यात तिने आतून पोखरली. बाहेरून कणे जसेच्या तसे उभे होते, हात लावताच माती झाली. तेव्हापासून दर अमावास्येला प्रत्येक ग्रंथ उचलून पाहण्याचा परिपाठ मी मोडलेला नाही. फळीच्या पायांखाली दगड द्यावा, कोपऱ्यांत वेखंडाच्या कांड्या ठेवाव्यात, हा पोथ्या राखणाऱ्यांचा जुना उपाय आहे. आश्विनाचे ऊन पडू लागले की पुस्तके सावलीत, वाऱ्यावर दिवसभर उघडी मांडावीत. थेट उन्हात नव्हे, कारण वैशाखातच काय पण आश्विनातही आमचे ऊन कागद करपवते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरांसह सुटते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरेशी आहे, खळीत चिमूटभर मोरचूद मात्र असावा आणि ती वाटी लहान मुलांपासून दूर ठेवावी.

शेवटी वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तीत दाखल क्रमांक, ग्रंथ, लेखक, संपादक, आवृत्तीचे साल, कोठून आणि किती किमतीस मिळाला, प्रथम वाचून संपवल्याची तारीख, आणि दुसऱ्या वाचनाची तारीख असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना दीर्घकाळ रिकामा राहिलेला ग्रंथ कोण्या गरजू मित्राला देऊन टाकावा. त्याची जागा फळीवर नाही. वहीच्या मागील बाजूने उसनवारीची नोंद: कोणास, केव्हा, किती मुदतीने. पुस्तक जरूर द्यावे. बाभुळगावासारख्या गावी तुमची फळी ही तुमच्या वर्गमित्रांचे दुसरे वाचनालय आहे, आणि तुमच्याकडून स्मृतिचित्रे नेणारी मुलगी उद्या तुम्हाला धग आणून देईल. पण नोंद केल्याशिवाय देऊ नये, आणि मुदत संपल्यावर गोड शब्दांत तगादा करण्यास लाजू नये. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला सांभाळा अशी ग्रंथाचीच विनवणी लिहून ठेवत. आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, हीही त्या विनवणीत असे.

तेव्हा आज संध्याकाळी वही आखा. देवळीतील ग्रंथाचे लाल कापड सोडा, शीर्षकपृष्ठावरील साल पाहा, आणि पहिल्या ओळीत क्रमांक एक लिहा.